झाकली मूठ आणि एअरबॅग

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळखीच्या खुणा बदलून):

"आम्ही फोंड्याजवळ राहतो. दोन वर्षांपूर्वी ह्यांनी बंगळुरूच्या एका ओळखीच्या गृहस्थाकडून युरोपीय कंपनीची छोटी आलिशान एसयूव्ही घेतली. २०१६ चं मॉडेल, डिझेल, ऑटोमॅटिक, वर काचेचं छप्पर. घरात सगळे नको म्हणत होते, ह्यांनी ऐकलं नाही. गेल्या आठवड्यात त्या जुन्या मालकांनी व्हॉट्सॅपवर एका पत्राचा फोटो पाठवला. कंपनीने त्यांच्याच पत्त्यावर पाठवलेलं पत्र: पुढच्या डाव्या सीटसमोरच्या एअरबॅगचा इन्फ्लेटर बदलायचा आहे, वर्षानुवर्षं दमट हवा लागून तो फुटू शकतो, गाडी रिकॉलमध्ये आहे, म्हणजे दोष दुरुस्त करायला कंपनीने परत बोलावलीय. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर पार्ट यायला पाच-सहा आठवडे लागतील म्हणाले. शिवाय गाडी बाजारात धक्के मारते, पावसात डाव्या बाजूचं मॅट ओलं होतं, इंजिनचा पिवळा दिवा मधूनमधून लागतो. इंटरनेटवर बघितलं तर या मॉडेलचे बरेच रिकॉल निघाले. जावेच्या साध्या हॅचबॅकचा एकही नाही. हे म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची, कुणाजवळ बोलू नको, चवथीपूर्वी काढून टाकू. गिऱ्हाईक म्हणजे माझा धाकटा भाऊ, डिचोलीचा. साडेनऊ लाख द्यायला तयार आहे. सासूबाईंना तेवढं वाईट वाटेल, गुडघ्यांमुळे त्या नेहमी पुढे बसतात आणि ही गाडी त्यांना चढायला बरी पडते. मी भावाला सांगू की गप्प बसू?"

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा ते भावाबद्दलचं वाटलं, दुसऱ्यांदा सासूबाईंबद्दलचं. त्यांचा उल्लेख तुम्ही अगदी शेवटी केलाय, गाडी गेली तर त्यांना वाईट वाटेल एवढ्यापुरता. पण त्या पुढे बसतात, म्हणजे चालकाच्या डावीकडे, आणि कंपनीचं पत्र नेमक्या त्याच सीटसमोरच्या एअरबॅगबद्दल आहे. गाडी विकायची की ठेवायची, भावाला काय सांगायचं, ते आपण सावकाश बोलू. आजपासून त्या सीटवर कुणी बसायचं नाही, एवढं मात्र आधी ठरवा. सासूबाई नाहीत, मुलं नाहीत, बसस्टॉपवरून उचललेली शेजारीणही नाही.

का, ते सांगते. एअरबॅग ही नुसती पिशवी. तिला फुगवणारी धातूची बंद डबी म्हणजे इन्फ्लेटर. अपघाताचा धक्का बसला की डबीतलं रसायन पेटतं, त्याचा वायू होतो आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत पिशवी फुगते. रसायन बिघडलेलं असेल तर ते हवं त्याहून झपाट्याने जळतं, दाब वाढतो, डबीच फुटते आणि तिचे तुकडे पिशवी फाडून समोरच्या माणसाच्या तोंडावर, मानेवर येतात. एरवी माणूस ज्यातून खरचटून सुटला असता अशा लहान धडकेतही हे घडू शकतं.

जपानच्या टाकाटा कंपनीच्या एअरबॅगांचं प्रकरण २००८ पासून जगभर चाललंय ते यामुळेच. त्यांनी वायूसाठी अमोनियम नायट्रेट वापरलं आणि कितीतरी इन्फ्लेटरमध्ये ओल शोषून घेणारं द्रव्य घातलंच नाही. एकट्या अमेरिकेत १९ कंपन्यांच्या गाड्यांतल्या सुमारे ६ कोटी ७० लाख एअरबॅगा बदलायला काढल्या गेल्या, त्यांत बड्या जर्मन कंपन्याही आल्या. दोन डझनांहून जास्त माणसं तिथे दगावली. २०१७ मध्ये टाकाटाचं दिवाळं निघालं. मला त्यातली एक गोष्ट विशेष वाटते. कुठल्या गाड्या आधी दुरुस्त करायच्या हे ठरवताना तिथल्या सरकारी यंत्रणेने फ्लोरिडा, हवाई आणि मेक्सिकोच्या आखाताकाठची राज्यं पहिल्या रांगेत धरली, कारण तिथे उकाडा आणि दमटपणा बारमाही. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. श्रावणात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर बुरशी येते. तीच हवा तुमच्या अंगणातल्या गाडीच्या डॅशबोर्डमागेही जाते. कोरड्या मुलखातल्या मालकाने पत्र चार दिवस बाजूला ठेवलं तर मी एक वेळ समजून घेईन, गोव्यातल्याने नाही ठेवायचं.

आता यजमानांची म्हण. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्यांनी सांगितलं, पण अर्धंच. पुढे म्हण म्हणते, उघडली तर फुकाची. आणि रिकॉलच्या बाबतीत ती खरोखरच फुकाची असते! पार्ट फुकट, मजुरी फुकट. गाडी पहिल्या मालकाकडे असो की तिसऱ्याकडे, सर्व्हिसिंग कंपनीत झालेलं असो की कोपऱ्यावरच्या गॅरेजात, वॉरंटी कधीची संपलेली असो, काही फरक पडत नाही. काम गाडीच्या चॅसी नंबरावर नोंदलेलं असतं, मालकाच्या नावावर नव्हे. मूठ झाकून ठेवायची म्हणजे फुकट बदलून मिळणारी डबी न बदलता भावाच्या दारात नेऊन उभी करायची. डिचोलीत पुढच्या सीटवर कोण बसेल? बहुतेक तुमची भावजय.

'रिकॉल' या शब्दानेच तुमच्या घरात अर्धा घोळ केलाय असं मला वाटतं. माल परत बोलावला म्हणजे माल खराब, बनवणारा उघडा पडला, असा आपण अर्थ लावतो. तुम्ही रिकॉल मोजले, जावेच्या गाडीशी तुलना केली आणि आपण फसलो असं मनाशी ठरवून टाकलंत. पण ही मोजणी सरळ नाही, रिकॉल किती निघतात ते त्या त्या देशातल्या नियमांवरही ठरतं. अमेरिकेत गाडीतल्या दोषांबद्दलचा कायदा १९६६ पासून आहे. आपल्याकडे वाहन उत्पादकांच्या 'सियाम' या संघटनेने २०१२ मध्ये स्वेच्छेने पाळायचे नियम केले. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने ११०-अ हे कलम आलं आणि त्याखालचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. आता सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला भाग पाडू शकतं आणि दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड ठोठावू शकतं. ही सक्ती सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना लागू आहे. तुमची त्यात बसत नाही, तरी पत्र आलं. कंपनीने ते आपणहून पाठवलं, यात तिची लाज नाही आणि तुमची तर मुळीच नाही.

इंटरनेटवर तुम्हाला जी यादी दिसली ती बहुधा जगभरची. युरोपात, अमेरिकेत विकलेल्या गाड्यांचे रिकॉल त्यात असतात, आणि त्यातले कित्येक ठरावीक महिन्यांत बनलेल्या गाड्यांपुरतेच. मॉडेलचं नाव टाकून शोधण्यात अर्थ नाही. आरसी बुकावर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, चॅसी नंबर असतो, सतरा अक्षरा-आकड्यांचा. बहुतेक गाड्यांत पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यातही दिसतो. तो कंपनीच्या संकेतस्थळावर टाका, नाहीतर सर्व्हिस सेंटरला कळवून एवढंच विचारा: "या नंबरावर कुठलं कॅम्पेन ओपन आहे का?" त्यांच्या भाषेत रिकॉलला कॅम्पेन म्हणतात, आणि हा शब्द वापरला की पलीकडचा माणूस जरा सावरून बसतो. जावेलाही हेच करायला सांगा. साध्या गाड्यांना रिकॉल येत नाहीत असं थोडंच आहे? जुलै २०२० मध्ये मारुतीने वॅगनआर आणि बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या इंधनपंपासाठी बोलावल्या होत्या.

रिकॉल किती, यापेक्षा कशाचे, ते बघावं. तुमच्या गाडीच्या वर्गातलेच दोन-तीन सांगते. २०१७ मध्ये मर्सिडीझने जगभर दहा लाखांच्या आसपास गाड्या बोलावल्या, त्यांत छोटी जीएलए होती. दोष असा: इंजिन काही कारणाने फिरेनासं झालं आणि चालक स्टार्ट मारतच राहिला, तर स्टार्टरच्या वायरिंगमधला एक भाग तापून आजूबाजूचं वितळायचं, क्वचित पेट घ्यायचं. उपाय होता एक जादा फ्यूज. ऐकायला क्षुल्लक. पण ओहोळाचं पाणी रस्त्यावर आलंय, गाडी त्यातून काढली आणि बंद पडली, अशा वेळी आपण पहिलं काय करतो? स्टार्ट मारत बसतो. रिकॉल असो-नसो, कुठल्याही गाडीत ते करू नका. पाणी इंजिनात गेलं असेल तर पुढचा खर्च ऐकवणार नाही.

बीएमडब्ल्यूने २०२४ मध्ये पंधरा लाखांहून जास्त गाड्यांच्या ब्रेकचा एक भाग तपासायला घेतला, त्यांत एक्स१ होती. तो भाग कॉन्टिनेंटल या पुरवठादाराकडून आला होता. व्होल्वोने २०२० मध्ये एक्ससी४० सह सुमारे सात लाख गाड्या बोलावल्या, कारण आपोआप लागणारा ब्रेक कधीकधी समोरचं ओळखत नव्हता. नवीन सॉफ्टवेअर टाकून काम झालं. याच कंपनीच्या काही इलेक्ट्रिक आणि प्लग-इन हायब्रिड गाड्यांत २०२५ मध्ये निराळाच दोष सापडला. ठरावीक मोडमध्ये कुठलाही पेडल न दाबता पावणेदोनेक मिनिटं उतार उतरला तर ब्रेकच लागेनासा होण्याची शक्यता होती. चोर्ला घाटाचा उतार डोळ्यांसमोर आणा. अशा रिकॉलचं पत्र आलं तर त्याच दिवशी हालचाल करायची. रेडिओच्या डिस्प्लेचं आलं तर पुढच्या सर्व्हिसिंगला चालेल.

आता तुमच्या बाकीच्या तीन तक्रारी. त्या तुम्ही रिकॉलच्याच पोत्यात टाकल्यात, पण त्यांचा त्याच्याशी संबंध नाही. प्रत्येक गाडीच्या काही खोडी असतात, बैलाच्या असत तशा. त्यासाठी सहसा कंपनी पत्र पाठवत नाही, आणि मला विचाराल तर जुनी महागडी गाडी घेणाऱ्याने खरं भ्यायचं ते यांनाच, कारण हा खर्च आपल्या खिशातून जातो.

बाजारातले धक्के गिअरबॉक्सचे असणार. या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांत दोन क्लचचा ऑटोमॅटिक असतो; एक क्लच १-३-५ सांभाळतो, दुसरा २-४-६. मोकळ्या रस्त्यावर लोण्यासारखा चालतो. पण फोंड्यातल्या तिस्कावरच्या गर्दीत गाडी इंचाइंचाने सरकते तेव्हा आतला क्लच सतत अर्धवट दाबलेला राहतो, तापतो, झिजतो. फोक्सवॅगनने २०१३ मध्ये सुमारे सोळा लाख गाड्यांच्या अशा गिअरबॉक्समधलं सिंथेटिक तेल काढून खनिज तेल घालायचं ठरवलं, कारण उष्ण-दमट हवेत आणि थांबत-थांबत चालणाऱ्या रहदारीत आत शॉर्टसर्किट होऊ शकत होतं. म्हणजे हवा इथेही आलीच. तुमच्या हातात एवढं आहे की पुढच्या गाडीला चिकटून सरकत राहू नका. दोन गाड्यांची जागा होऊ द्या, मग एकदाच पुढे जा. गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं ते जुन्या मालकाला विचारा. 'लाइफटाइम तेल आहे, बदलावं लागत नाही' असं कुणी म्हणालं तर कुणाची लाइफटाइम, तेही विचारा. तेलात भिजलेल्या क्लचच्या काही गिअरबॉक्सना साठ हजार किलोमीटरच्या आसपास ते बदलावंच लागतं.

ओल्या मॅटवर मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण हे गोव्याचं खास दुखणं आहे आणि माझ्या दिरांच्या गाडीने आम्हा सगळ्यांना ते नीट शिकवलंय. काचेच्या छपराच्या कडेने पन्हळ असते. तीत पडलेलं पाणी खांबांतल्या बारीक नळ्यांतून खाली चाकांपाशी निघून जातं. दिरांची गाडी वर्षभर आंब्याखाली उभी असायची. मोहोर, पानं, धूळ यांनी नळी तुंबली आणि पाणी आत उतरू लागलं. महिनाभर आम्ही एसीला शिव्या देत होतो. एसीचा निचरा तुंबूनही डाव्या पायाखाली ओल येते, म्हणून दोन्ही बघायला हवं. छप्पर उघडून पन्हळीच्या कोपऱ्यात हळूहळू तांब्याभर पाणी ओता आणि चाकाजवळ ठिबकतं का ते बघा. ठिबकलं नाही तर तुंबलंय. तार घालून टोचू नका, कंप्रेसरची हवाही मारू नका. नळी आतल्या आत निसटली की काम दुप्पट. आणि वरचं मॅट वाळवून भागत नाही. त्याखालचा जाड फोम पाणी धरून ठेवतो, तो उचलून वाळवावा लागतो. सीटखाली पिवळे कनेक्टर असतात, ते एअरबॅगचे. त्यांना ओल लागली की डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागतो, आणि तो दिवा जळत असेल तर अपघातात एअरबॅग उघडेलच याचा भरवसा नाही.

याच ओलीबद्दल आणखी एक शंका काढून टाका. सप्टेंबर २०२२ मध्ये बंगळुरूत पूर आला तेव्हा श्रीमंत वस्त्यांतल्या महागड्या गाड्या तळघरांत बुडाल्या होत्या. तुमची त्यातली असेलच असं मी म्हणत नाही. पण सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा आणि टोकाकडे गढूळ पाण्याची रेघ दिसते का बघा. सीटच्या खालच्या रुळांवर गंज आहे का, डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात चिखल वाळलाय का, तेही. पाच मिनिटांचं काम. जुनी गाडी बघायला जाणाऱ्या प्रत्येकाने हे करावं, विकणारा ओळखीचा असला तरी. ओळखीचा असला तर जरा जास्तच.

पिवळा दिवा कशाचा, ते कॉम्प्युटर लावल्याशिवाय कळत नाही. तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय ईजीआर व्हॉल्व्हवर. धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात फिरवणारी ही व्यवस्था जवळजवळच्या फेऱ्यांत काजळीने भरते. कोड वाचून घ्या, कागदावर लिहून घ्या. कुणी गॅरेजवाला 'ईजीआर बंद करून टाकतो, कटकट मिटेल' म्हणाला तर नको म्हणा. प्रदूषण नियंत्रणाची व्यवस्था काढून टाकणं कायद्यात बसत नाही. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत भर म्हणून काजळीचा फिल्टर असतो. ज्यांचं रोजचं जाणं-येणं चार-पाच किलोमीटरचं आहे त्यांनी आठवड्यातून एकदा तरी गाडी मोकळ्या रस्त्यावर वीसेक मिनिटं एकसारख्या वेगाने पळवावी, म्हणजे तो फिल्टर तापून स्वच्छ होतो. फोंडा-पणजी एक फेरी पुरते, बाणस्तारीला अडकला नाहीत तर.

आता भाऊ. करार कायद्याच्या सतराव्या कलमात माहीत असलेली गोष्ट मुद्दाम दडवण्याला फसवणूकच म्हटलंय, पण तुम्ही काही कायद्यासाठी मला पत्र लिहिलेलं नाही. लपवायचं ठरवलं तरी हे लपणार नाही. तो पहिल्या सर्व्हिसिंगला जाईल, काउंटरवरचा मुलगा चॅसी नंबर टाकेल आणि म्हणेल, साहेब, हे कॅम्पेन पेंडिंग आहे, पत्र अमुक तारखेला गेलंय. ती तारीख तो विसरणार नाही. दरवर्षी चवथीच्या पंचमीला माहेरी गेलात की तीच तारीख तुमच्याबरोबर पानाला बसेल.

तुमच्यापुढे मला तीन वाटा दिसतात. तशीच गुपचूप विकणं, ती मी मोजतच नाही. दुसरी, रिकॉलचं काम करून, जॉब कार्ड, म्हणजे झालेल्या कामाचा सर्व्हिस सेंटरचा कागद, हातात ठेवून, बाकीच्या खोडी सांगून विकणं. तिसरी, काम करून गाडी ठेवणं. दुसऱ्या वाटेने किंमत कमी होईल हा ह्यांचा धसका बराचसा फोल आहे. एअरबॅग बदलल्याचा कंपनीचा कागद असलेली गाडी जाणत्या गिऱ्हाइकाला न बदललेल्या गाडीपेक्षा बरी वाटते. किंमत कमी होईल ती धक्क्यांमुळे आणि ओलीमुळे, आणि ते रास्तच आहे. आधी ओलीचं काम करून घ्या, गिअरबॉक्स तपासून खर्चाचा अंदाज लेखी घ्या, मग आकडा ठरवा.

पण खरं सांगू? भावाला ही गाडी द्यावी असं मला वाटत नाही. रिकॉलसाठी नव्हे. डिचोलीत राहणाऱ्या माणसाची रोजची धाव किती? तो जर घर-दुकान-बाजार एवढंच फिरणार असेल तर जुनी डिझेल ऑटोमॅटिक ही त्याच्यासाठी चुकीची गाडी आहे, कितीही निर्दोष असली तरी. तुम्हाला छळणाऱ्या खोडीच त्याला छळतील, फक्त दुरुस्तीच्या बिलावर नाव त्याचं असेल. त्याला गाडी आवडते म्हणजे नेमकं काय आवडतं, हे एकदा विचारा. बोनेटवरचं चिन्ह आवडत असेल तर त्याला दोन वर्षांची बिलं दाखवा. त्यानंतरही तो हो म्हणाला तर तो त्याचा निर्णय. मग मात्र 'घरचाच व्यवहार आहे' म्हणून कागद लांबवू नका. मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३० भरून आरसी त्याच्या नावावर आणि विमाही त्याच्या नावावर, दोन्ही लगेच. आरसीवर नाव तुमचं राहिलं तर अपघाताची जबाबदारीही तुमच्याच दारी येते.

सर्व्हिस सेंटरचं 'पाच-सहा आठवडे' फोनवर ऐकून गप्प बसू नका. ईमेल करा, कंपनीच्या ग्राहक विभागाला प्रत जोडा. त्यात चॅसी नंबर, पत्राचा फोटो, पार्ट कधी येणार याची लेखी तारीख द्या ही विनंती, आणि मालक बदलल्याची नोंद करून तुमचा फोंड्याचा पत्ता लावून घ्या हेही. नाहीतर पुढचं पत्र पुन्हा बंगळुरूला जाईल, आणि दर वेळी तिथले गृहस्थ इतके सज्जन निघतील असं नाही; त्यांना चवथीला काजूचं एक पाकीट पाठवाच. पत्राचा फोटो मोठा करून पुन्हा एकदा वाचा. 'दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालवू नये' असं वाक्य असेल तर गाडी अंगणात उभी करून टाका आणि सर्व्हिस सेंटरलाच न्यायला बोलवा. रिकॉलच्या कामासाठी 'आधी फुल सर्व्हिसिंग करावं लागेल' असं म्हणाले तर लेखी मागा. लेखी सहसा कुणी देत नाही. टोलवाटोलवी चालूच राहिली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. ओळखीच्या मेकॅनिककडून एअरबॅगची वायर काढून ठेवायचा उपाय कुणीतरी सुचवेलच. नको. एक वायर काढली की बाकीच्या एअरबॅगा आणि बेल्ट आवळणारी यंत्रणाही बंद पडू शकते. भंगारातून आणलेली एअरबॅग तर उंबऱ्याच्या आतच घेऊ नका.

ह्यांच्याशी बोलताना 'मी तेव्हाच सांगत होते' हे वाक्य गिळून टाका. सगळ्यांचा विरोध पत्करून घेतलेली वस्तू बिघडली की माणसाला ती वस्तू नको होते, कारण ती रोज समोर उभी राहून बोलत असते. त्यांना गाडी काढायची घाई झालीय त्यात पैशापेक्षा हे जास्त असावं. फोन घेऊन त्यांच्याजवळ बसा, चॅसी नंबर त्यांनाच टाकू द्या, तारीख त्यांनाच ठरवू द्या. आणि भावाला फोनही त्यांनीच करावा. मेहुण्याकडून आलेला खरेपणा बहिणीकडून आलेल्या कबुलीपेक्षा तुमच्या भावाला पचायला सोपा जाईल.

राहिल्या सासूबाई. मागे बसवलं तर गुडघे अवघडतील, हीच त्यांची पहिली तक्रार असेल. पुढची डावी सीट आता रिकामीच राहणार आहे, तेव्हा ती रुळावरून शेवटपर्यंत पुढे सरकवा आणि पाठ उभी करून ठेवा. तिच्यामागे पाय लांब करता येतील एवढी जागा होते, पुढे बसून मिळत होती त्याहून थोडी जास्तच.